हनुवटी पुढे यावी म्हणून

सप्टेंबर १९७७. स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यात विल्यम क्लार्क नावाचे दंतव्यंगोपचार तज्ज्ञ एका शाळकरी मुलावर उपचार करत होते. पडल्यामुळे त्याचा वरचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर आला होता. काही तासांतच तो परत खोबणीत बसवला गेला, शेजारच्या दातांचा आधार देऊन बांधलाही गेला. तरी दात धरेना. तो हलत होता आणि त्याचे मूळ झिजत चालले होते. कारण सापडले ते ओठात. मुलाचे वरचे दात खालच्या दातांच्या ९ मिलिमीटर पुढे होते. एवढ्या फटीत खालचा ओठ सहज शिरे आणि गिळताना, बोलताना, झोपेतसुद्धा त्या दुखावलेल्या दाताला आतून ढकलत राही.

दाताला हात लावण्याची सोय नव्हती. ओठाची ये-जा थांबवायची तर फटच मिटायला हवी होती, आणि तीही अष्टौप्रहर, अगदी जेवतानाही. क्लार्क यांनी वरच्या आणि खालच्या दातांसाठी दोन वेगळ्या प्लेट बनवल्या. प्रत्येकीवर दाढांच्या जागी ॲक्रिलिकचे ठोकळे होते. खालचा जबडा पुढे आणून तोंड मिटले की ठोकळे एकमेकांना अडायचे आणि जबडा पुढेच थांबायचा. नऊ महिन्यांत ९ मिलिमीटरची फट ४ वर आली. आज जगभर ‘ट्विन ब्लॉक’ म्हणून ओळखले जाणारे उपकरण ते हेच.

दात वाचवण्यासाठी जबडा पुढे आणावा लागला, ही या गोष्टीतली लक्षात ठेवण्याजोगी बाब. जबडा पुढे आणायची उपकरणे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे कैवारी आहेत. त्यांची तुलना करायची तर आधी आपल्याला काय साधायचे आहे ते ठरवावे लागते.

दात पुढे, की जबडा मागे?

वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असणे ही स्वाभाविक रचना. हे अंतर सहा-सात मिलिमीटरच्या पुढे गेले की ते लोकांच्या नजरेत येते. घरातले म्हणतात, “हिचे दात पुढे आलेत.” एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये दातांच्या ठेवणीचे वर्ग पाडले. खालच्या दाढा वरच्या दाढांच्या मानाने मागे बसतात अशी ठेवण त्यात दुसऱ्या वर्गात येते.

या वर्गातल्या पुष्कळ मुलांचा वरचा जबडा जागच्या जागी असतो. मागे राहिलेला असतो तो खालचा. तो मागे राहिला म्हणून वरचे दात पुढे आल्यासारखे दिसतात. हे ओळखण्याची एक सोपी रीत तज्ज्ञ वापरतात. मुलाला ओठ मिटून नेहमीसारखे बसायला सांगतात आणि चेहरा बाजूने पाहतात. मग खालचा जबडा सरकवून पुढचे दात एकमेकांसमोर आणायला सांगतात आणि पुन्हा पाहतात. दुसऱ्या वेळी चेहरा नेटका दिसला, तर दोष बहुधा खालच्या जबड्याचा. उलट तोंड अधिकच पुढे आल्यासारखे वाटले, तर वरचा जबडा किंवा वरचे दातच पुढे आहेत. अशा मुलाला हनुवटी पुढे आणणारे उपकरण देऊन उपयोग नाही. पक्का निर्णय बाजूने काढलेल्या कवटीच्या एक्स-रेवर होतो, पण पहिला सुगावा या साध्या चाचणीतून लागतो.

याकडे लक्ष द्यायचे ते केवळ रूपासाठी नाही. पुढे असलेले दात खेळताना, सायकलवरून पडताना पहिला मार खातात. ओठ मिटायला जोर लावावा लागतो. खालचे दात कधी वर टाळूला जाऊन टोचतात. आणि शाळेत जे चिडवणे ऐकावे लागते, त्याची जखम मूल बहुतेक वेळा घरी सांगतही नाही.

जबड्याची वाढ

तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यात हनुवटी जेमतेम दिसते. कवटी आधी मोठी होते, मग वरचा जबडा वाढतो आणि खालचा सर्वांत उशिरा, वयात येण्याच्या काळापर्यंत आणि त्यानंतरही थोडाफार वाढत राहतो. निसर्गाच्या या क्रमामुळेच उपचाराला वाव मिळतो.

कानासमोर बोट ठेवून तोंड उघडझाप केली की सांधा हलताना जाणवतो. तिथे खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक असते, त्यावर कूर्चेची टोपी. या कूर्चेत नवे हाड तयार होते. टोक वर आणि मागे वाढते, पण मागे कवटीचा अडसर असल्याने सगळा जबडा खाली आणि पुढे सरकतो. हातापायांच्या लांब हाडांच्या टोकांशीही वाढणारी कूर्चा असते, मात्र ती आपल्या ठरल्या गतीने चालते. जबड्याची कूर्चा आजूबाजूच्या हालचालींना आणि ताणाला अधिक प्रतिसाद देते.

१९७० च्या दशकात फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला अलेक्झांडर पेट्रोविक यांनी उंदरांवर आणि अमेरिकेत जेम्स मॅक्नमारा यांनी माकडांवर प्रयोग केले. जबडा पुढे धरून ठेवला तर सांध्याच्या कूर्चेतल्या पेशी अधिक वेगाने वाढतात, असे त्यांना दिसले. यातून मोठी आशा निर्माण झाली: जबडा पुढे धरा, म्हणजे तो वाढेल. ही आशा मुलांच्या बाबतीत किती खरी ठरली, ते पुढे पाहू.

उपकरणांचे कुळ

कल्पना जुनीच आहे. न्यूयॉर्कचे नॉर्मन किंग्जली यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात वरच्या दातांमागे उतार असलेली प्लेट बसवून खालचा जबडा पुढच्या जागी ‘उडी मारायला’ लावण्याची पद्धत मांडली. फ्रान्सच्या पिएर रोबाँ यांनी १९०२ मध्ये दोन्ही दंतपंक्ती एकत्र धरणारा एकसंध ठोकळा, मोनोब्लॉक, तयार केला. जन्मतःच खालचा जबडा फार लहान असलेल्या आणि जीभ मागे पडून श्वास कोंडणाऱ्या बाळांच्या अवस्थेला आजही त्यांचेच नाव आहे.

डेन्मार्कच्या विगो आंद्रेसन यांची कथा घरातली आहे. त्यांच्या मुलीच्या दातांना तारा होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बाहेरगावी जाणार म्हणून त्यांनी तारा काढल्या आणि दात जागेवर राहावेत म्हणून एक सैल प्लेट दिली. प्लेटची रचना अशी होती की दात मिटताना खालचा जबडा पुढे यावा. सुट्टीनंतर पाहतात तो दातांची ठेवण बिघडण्याऐवजी सुधारलेली. पुढे नॉर्वेत कार्ल हॉइप्ल यांच्याबरोबर त्यांनी या प्लेटला शास्त्रीय बैठक दिली आणि ‘ॲक्टिव्हेटर’ रूढ झाला. त्याचेच सुटसुटीत रूप म्हणजे जर्मनीच्या विल्हेल्म बाल्टर्स यांचा ‘बायोनेटर’.

पूर्व जर्मनीतल्या झ्विकाउ गावी रोल्फ फ्रेंकेल यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मते दोष गाल आणि ओठांच्या स्नायूंच्या दाबात होता. त्यांच्या उपकरणात गालांच्या आतल्या बाजूला ॲक्रिलिकच्या ढाली असतात. त्या स्नायूंना दातांपासून दूर ठेवतात आणि जबड्याला पुढची सवय लावतात.

ही सारी काढता-घालता येणारी उपकरणे. जर्मनीचे एमिल हर्ब्स्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच यापेक्षा निराळे काम केले होते. त्यांनी वरच्या दाढेपासून खालच्या पुढच्या दाढेपर्यंत, एकात एक सरकणाऱ्या नळी-दांड्याची जोडी दातांवर पक्की बसवली. तोंड उघडते, मिटते, पण जबडा मागे जाऊ शकत नाही. काही दशके हे उपकरण विस्मरणात गेले. स्वीडनमधल्या माल्मो इथले हान्स पँकेर्झ यांनी १९७९ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले. पुढे नळी-दांड्याच्या जागी लवचीक स्प्रिंगा आल्या. जॅस्पर जम्पर, फोर्सस ही त्यातली परिचित नावे. अलीकडे पारदर्शक अलाइनरलाही कडेला पंख जोडून तेच काम करवून घेतात.

आमनेसामने

सर्वांत मोठा भेद एकच: उपकरण मुलाच्या हाती आहे की डॉक्टरच्या?

ॲक्टिव्हेटर आणि बायोनेटर तोंडात सैल असतात. बोलणे अडते, खाणे अशक्य, म्हणून ते घरी आणि झोपेत घालायचे. स्वस्त, साधे, दातांना चिकटवण्याची भानगड नाही. पण शाळेचे तास, जेवण आणि खेळ वजा केले की दिवसातला वेळ कमीच उरतो. फ्रेंकेलचे उपकरण स्नायूंना वळण लावते, पण ते नाजूक, बनवायला कसबी हात लागणारे, आणि गालाच्या आत ढाली घेऊन वावरायची सवय होईपर्यंत मूल कंटाळते.

ट्विन ब्लॉक दोन तुकड्यांत असल्याने तोंड उघडते, बोलता येते, जेवताही येते. म्हणून तो दिवसरात्र घालता येतो आणि परिणाम लवकर दिसतो. क्लार्क यांनी सुरुवातीला ठोकळ्यांच्या भिडणाऱ्या कडा ९० अंशांच्या, म्हणजे उभ्या, ठेवल्या होत्या. पण काही मुले जबडा पुढे न आणता ठोकळ्यांच्या सपाट भागावरच दात टेकवत. कडांना ४५ अंशांचा उतार दिल्यावर जबडा पुढे राहू लागला; नंतर तो उतार ७० अंशांचा झाला. उणीव एकच, पण मोठी: काढता येतो, म्हणून काढला जातो. दुपारच्या डब्याच्या वेळी रुमालात गुंडाळून ठेवलेली आणि उष्ट्याबरोबर कचऱ्यात गेलेली प्लेट ही कुठल्याही शहरातली गोष्ट असू शकते.

हर्ब्स्ट चोवीस तास काम करतो, मुलाची मर्जी असो वा नसो. पण त्याचे नट सैल होतात, बँड निघतात, गालाच्या आत घासते. चकली, ऊस, चिक्की यांना बंदी. स्प्रिंगांच्या उपकरणांत जोर सतत राहतो आणि ती तारांसोबत बसवता येतात, पण त्यांचा बराचसा परिणाम हाडापेक्षा दातांवर होतो.

हा शेवटचा मुद्दा सगळ्याच उपकरणांना लागू आहे. खालचा जबडा पुढे धरला की तो मागे जाऊ पाहतो. हा ओढा दातांवर येतो. वरचे पुढचे दात मागे झुकतात, खालचे पुढे कलतात आणि वरच्या जबड्याची पुढची वाढही थोडी आवरली जाते. फट मिटते त्यात या सगळ्यांचा वाटा असतो. आरशात दिसणाऱ्या बदलातला किती भाग खरोखर नव्या हाडाचा, हे मोजायला हवे होते.

मोजमाप काय सांगते

२००६ मध्ये इटलीच्या पाओला कोझ्झा आणि सहकाऱ्यांनी २२ अभ्यास एकत्र तपासले. उपचार न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत दरमहा जबड्याची लांबी किती जास्त वाढली, हे त्यांनी पाहिले. हर्ब्स्ट ०.२८ मिलिमीटर, ट्विन ब्लॉक ०.२३, बायोनेटर ०.१७, ॲक्टिव्हेटर ०.१२ आणि फ्रेंकेलचे उपकरण ०.०९, असा क्रम लागला. आकडे पाहून हर्ब्स्टला पहिला नंबर द्यावासा वाटतो. पण त्याच आढाव्यातली दुसरी ओळ अधिक मोलाची आहे. मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे, पक्षपाताला वाव न ठेवता गटांत वाटून केलेले जे चार अभ्यास त्यात होते, त्यांपैकी एकातही जबड्याच्या लांबीत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक दिसला नव्हता. अभ्यास जितका काटेकोर, तितके हाड वाढल्याचे श्रेय कमी.

ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या केविन ओब्रायन यांनी आखलेल्या अभ्यासात ८ ते १० वर्षांच्या १७४ मुलांपैकी काहींना लवकर ट्विन ब्लॉक दिला, काहींना थांबायला सांगितले. ट्विन ब्लॉकच्या मुलांची फट कमी झाली, आत्मविश्वास वाढला, चिडवण्याचे प्रसंग कमी झाले. पण बदल मुख्यत्वे दातांचा होता, हाडाचा वाटा लहान. मुले किशोरवयात आली आणि थांबलेल्या गटालाही उपचार मिळाले, तेव्हा दोन्ही गट जवळजवळ सारखे निघाले. लवकर सुरू केलेल्यांना दवाखान्याच्या खेपा मात्र जास्त पडल्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडा या विद्यापीठांतल्या अभ्यासांचा निष्कर्ष याच्याशी जुळतो. लवकर उपचाराचा एक फायदा मात्र टिकून राहिला: अशा मुलांचे पुढचे दात पडून तुटण्याचे प्रमाण कमी झाले. क्लार्क यांच्या पहिल्या रुग्णाची आठवण इथे पुन्हा येते.

ओब्रायन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात ११ ते १४ वर्षांच्या २१५ मुलांमध्ये हर्ब्स्ट आणि ट्विन ब्लॉक समोरासमोर आले. हाडाच्या आणि दातांच्या बदलांत दोघांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. ट्विन ब्लॉकच्या गटातील ३३.६ टक्के मुलांनी ते अर्धवट सोडले, हर्ब्स्टच्या गटातील फक्त १२.९ टक्क्यांनी. उलट हर्ब्स्ट दुरुस्त करायला दवाखान्यात जास्त वेळा यावे लागले.

माझ्या मते या साऱ्या तुलनेचे सार या आकड्यांत आहे. उपकरणा-उपकरणांत हाडाचा फरक थोडा आहे. मुला-मुलांत मोठा आहे. तेव्हा कोणते यंत्र सर्वांत प्रभावी, यापेक्षा या मुलाच्या तोंडात कोणते टिकेल, हे पाहणे शहाणपणाचे.

उंदीर आणि माकडांवरच्या प्रयोगांचे मग काय झाले? ते खोटे नव्हते. मुलांमध्येही जबडा पुढे धरलेल्या काळात वाढीला वेग येताना दिसतो. पण पुढच्या वर्षांत तो वेग मंदावतो आणि एरवी झाली असती त्याच वाढीजवळ जबडा येऊन पोहोचतो. म्हणजे उपकरण बऱ्याच अंशी उद्याची वाढ आज घडवून आणते. त्या काळात दात एकमेकांत नीट गुंफले गेले, तर ती मिळकत टिकते. म्हणून पहिल्या टप्प्यानंतर तारांचा दुसरा टप्पा बहुतेक वेळा टाळून चालत नाही.

वेळ चुकली तर

वाढीचा फायदा घ्यायचा तर वाढ चालू असायला हवी, आणि शक्य तर जोरात. किशोरवयात उंची झपाट्याने वाढते, त्याच सुमाराला जबड्याचीही वाढ उसळी घेते. मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येतो. मुलीची पाळी सुरू झाली असेल, तर वाढीचे शिखर बहुधा उलटून गेलेले असते.

वाढ कुठवर आली आहे हे ओळखायला डॉक्टर पूर्वी मनगटाचा एक्स-रे काढत. आता बाजूने काढलेल्या कवटीच्या एक्स-रेमध्येच मानेचे मणके दिसतात, तेच पुरतात. दुसऱ्या ते चौथ्या मणक्यांच्या खालच्या कडा आधी सपाट असतात, मग आत वळतात आणि मणके चौकोनी होत जातात. बाचेटी, फ्रांकी आणि मॅक्नमारा यांनी या बदलांवरून वाढीच्या सहा पायऱ्या मांडल्या. तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या दरम्यान जबड्याची वाढ शिखरावर असते. या वाचनातही तज्ज्ञांचे एकमत नेहमी होत नाही, म्हणून उंची, वय आणि दातांची अवस्था सगळे मिळून पाहावे लागते.

प्रत्येक जबडा पुढच्याच दिशेने वाढतो असेही नाही. कोपनहेगनच्या आर्ने ब्यॉर्क यांनी जबड्यात धातूच्या बारीक खुणा बसवून वर्षानुवर्षे एक्स-रे काढले. काही मुलांचा जबडा पुढे फिरत वाढतो, तर काहींचा खाली आणि मागे, हे त्यांनी दाखवले. लांबट चेहऱ्याच्या आणि पुढचे दात टेकत नसलेल्या मुलाला जबडा पुढे आणणारे उपकरण दिले, तर चेहरा आणखी लांबण्याचा धोका असतो.

वाढ संपल्यावर हे दार बंद होते. मग उरतात दोन वाटा: दात हलवून दोष झाकणे, किंवा शस्त्रक्रियेने जबडा कापून पुढे आणणे. ट्राउनर आणि ओबवेगेझर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, पुढील काळातल्या सुधारणांसह, ही शस्त्रक्रिया आजही होते. दोष फार मोठा असेल, तर किशोरवयातल्या उपकरणाने ती टळेलच अशी खात्री कुणी देऊ नये.

दवाखान्यात जाण्याआधी

आईवडिलांनी तज्ज्ञांना काही गोष्टी जरूर विचाराव्यात. दोष वरच्या जबड्यात आहे की खालच्या? वाढीचा जोर यायचा आहे, चालू आहे की ओसरला आहे? पहिल्या टप्प्यानंतर तारा लागतील का आणि सगळा काळ धरून किती दिवस? उपकरण तुटले किंवा हरवले तर पुढे काय? काढता येणाऱ्या उपकरणाची जबाबदारी मूल पेलेल का, हे मात्र डॉक्टरांपेक्षा आईवडिलांना जास्त माहीत असते. त्याचे उत्तर त्यांनी मनाशी प्रामाणिकपणे द्यावे. ‘जबडा किती मिलिमीटर वाढेल?’ या प्रश्नाला कुणी ठाम आकडा सांगितला, तर आणखी एक मत घ्यावे.

मुलाला विचारणेही तितकेच गरजेचे. रात्रंदिवस तोंडात काहीतरी वागवायचे ते त्यालाच. पहिला आठवडा लाळ सुटते, उच्चार बोबडे होतात, गालाला लागते. हे आधीच सांगितले तर मूल तयारी ठेवते. उपकरण कशासाठी आहे हे त्याला समजले, तर ते बरोबर वागवते. धाकाने घातलेली प्लेट खोलीचे दार लागले की डबीत जाते.

ज्या घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलांची उंची मांडून ठेवायची पद्धत आहे, त्या घरात एक उपयोगी नोंद आपोआप तयार होत असते. दोन रेघांमधले अंतर अचानक वाढले, जूनमध्ये शिवलेला युनिफॉर्म दिवाळीतच आखूड झाला, की समजावे: वाढीचा तो मोजका काळ दारात उभा आहे. दात पुढे असलेल्या मुलाला तज्ज्ञांकडे न्यायचे तर त्या रेघांच्या तारखाही लिहून बरोबर न्याव्यात. कोणतेही उपकरण निवडण्याआधी डॉक्टरांना हीच गोष्ट जाणून घ्यायची असते.